हनुवटी मागे आहे, इम्प्लांट करून घ्यावं का? अनुभव आणि माहिती हवी आहे

अबोली_फुलं

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, विषय जरा वैयक्तिक आहे तेव्हा सांभाळून घ्या.

माझी हनुवटी पहिल्यापासून मागे आहे. समोरून फारसं जाणवत नाही पण बाजूने कुणी फोटो काढला की खालचा ओठ संपतो आणि थेट गळाच सुरू होतो, मधे काही नाहीच. वजन कमी आहे तरी डबल चिन दिसते. खरं म्हणजे मी गेले होते नाकाचं विचारायला, कारण मला कायम वाटायचं नाक मोठं आहे, तर प्लास्टिक सर्जननी फोटोवर रेषा मारून दाखवलं की नाक चेहऱ्याच्या मानाने बरोबर आहे, हनुवटी मागे असल्यामुळे ते पुढे आल्यासारखं वाटतं. ते मला पटलं. त्यांनी सिलिकॉनचं चिन इम्प्लांट सुचवलंय, तासाभराचं काम आहे आणि त्याच दिवशी घरी जाता येतं म्हणाले. जॉलाइनसाठी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांवरही इम्प्लांट बसवता येतं असंही सांगितलं, त्याचा विचार अजून केला नाहीये.

मला विचारायचंय ते असं, की हे आयुष्यभर टिकतं का बदलावं लागतं, तोंडातून घातलेलं बरं का हनुवटीखालून, ओठ बधिर होतो म्हणतात तो परत येतो का, आणि आधी फिलर, म्हणजे सुईने टोचून उंचवटा भरायचं जेल, करून बघावं का. अजून एक, ह्याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण तोंड बंद ठेवायचं तर मला ओठ मुद्दाम मिटावे लागतात आणि तसं केलं की हनुवटीवर बारीक बारीक खड्डे पडतात. ते पण इम्प्लांटने जाईल का?

ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा. "आहेस तशीच छान आहेस" हे घरचे रोज सांगतात आणि ते मनापासून सांगतात, पण निर्णय मला घ्यायचाय.

शांतनू_क

मी केलंय, सिलिकॉनचंच, हनुवटीखालून. त्यामुळे जे झालं ते सांगतो.

हनुवटीच्या खाली जिथे चेहरा संपून गळा सुरू होतो त्या घडीत साधारण दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, हाडावरचं पातळ आवरण उचलून त्याखाली कप्पा करतात आणि इम्प्लांट आत सरकवतात. माझं पंखवालं होतं, म्हणजे मधे जाड आणि दोन्ही बाजूंना निमुळतं होत जाणारं, कारण नुसता मधे गोळा ठेवला तर बाजूला खाच दिसते. डॉक्टरांनी आधी ते हातात दिलं होतं, मऊसर रबरासारखं लागतं, बोटाने वाकतं.

दुखण्यापेक्षा ताठरपणा जास्त होता. हनुवटीवर चिकटपट्ट्या आवळून लावलेल्या, खालचा ओठ जाड झाल्यासारखा, पाणी प्यायला गेलं की एका कोपऱ्यातून गळायचं आणि ते गळतंय हे मला कळायचंच नाही, समोरचा माणूस सांगायचा. हसताना खालचे दात दिसेनात, ओठ सरळ एका रेषेत. त्यावेळी मी घाबरलो होतो पण सर्जन म्हणाले सूज आहे आणि ओठ खाली ओढणारे स्नायू दमलेत, थांबा. पहिल्या दोन आठवड्यांत बरीच सूज उतरली, पण खरा आकार दिसायला काही महिने गेले. सुरुवातीला हनुवटी फारच मोठी वाटते, त्या काळात आरशात बघून काहीही ठरवू नका. दाढी करताना तर फारच विचित्र वाटायचं, रेझर फिरतोय हे कानाला ऐकू यायचं पण कातडीला कळायचं नाही. मुंग्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय. आता एक छोटा पट्टा सोडला तर सगळं परत आलंय.

व्रण खाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही. मी समाधानी आहे, परत विचारलं तर परत करेन. पण माझे दात आणि ओठ नीट मिटत होते, तुमच्यासारखं ते खड्ड्यांचं काही नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल इथल्या डॉक्टर लोकांनी सांगावं.

चांदणचुरा

वाचतेय. मलाही अगदी हेच विचारायचं होतं.

मीरा_दंतवैद्य

अबोली, मी मॅक्झिलोफेशियल सर्जन आहे, म्हणजे जबडा, दात आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रिया हेच रोजचं काम. तुला न तपासता निदान करणार नाही, पण तू शेवटी जाता जाता जे लिहिलंयस तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओठ मिटायला जोर लावावा लागणं आणि हनुवटीवर खड्डे पडणं म्हणजे हनुवटीचा मेंटॅलिस नावाचा स्नायू जादा काम करतोय. तो खालचा ओठ वर ढकलतो. हे साधारण कधी होतं, तर खालचा अख्खा जबडाच मागे असेल तेव्हा, किंवा वरचे दात पुढे असतील तेव्हा, किंवा चेहऱ्याचा खालचा भाग उंचीला जास्त असेल तेव्हा. म्हणजे प्रश्न हनुवटीच्या टोकाचा नसून त्यामागच्या हाडाचा आणि दातांच्या चाव्याचा असू शकतो. चावा म्हणजे दात मिटल्यावर वरचे खालच्यांवर कसे बसतात ते. घरी एवढंच बघ, दाढा नेहमीसारख्या मिटव, ओठ बोटाने बाजूला कर आणि बाजूने फोटो काढायला सांग. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं नॉर्मल आहे. त्यापेक्षा बरंच अंतर असेल तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरकडे जा, सर्जनकडे नंतर.

हे एवढं ताणून का सांगतेय, कारण इम्प्लांट फक्त पुढचा उंचवटा वाढवतं. जबडा जिथे होता तिथेच राहतो, चावा तसाच, जिभेमागची श्वासाची जागा तशीच आणि ओठांचं न मिटणंही तसंच. उलट जो स्नायू आधीच ताणलेला आहे त्याच्याखाली आपण एक वस्तू ठेवली तर तो ती हाडावर सतत दाबत राहतो. इम्प्लांटखालचं हाड झिजतं ही गोष्ट नवी नाही, १९६९ सालीच रॉबिन्सन आणि शुकेन यांनी ती लिहून ठेवली आहे. बहुतेकांमध्ये ही झीज थोडी होते आणि थांबते, बाहेरून काही कळतही नाही, त्यामुळे ज्यांनी केलंय त्यांनी घाबरून जाऊ नये. पण इम्प्लांट वर सरकलेलं असेल, म्हणजे जबड्याच्या खालच्या कडेच्या जाड हाडाऐवजी दातांच्या मुळांजवळच्या पातळ हाडावर बसलेलं असेल, आणि वरून स्नायूचा दाब असेल, तर झीज मुळांपर्यंत जाऊ शकते. ओठ न मिटणाऱ्या पेशंटला इम्प्लांट देताना मी कचरते ते ह्याच कारणाने.

दुसरा मार्ग जीनिओप्लास्टी. ह्यात तुझीच हनुवटी, दातांच्या मुळांच्या खालून आडवी कापून, पुढे सरकवून टायटॅनियमच्या छोट्या पट्टीने आणि स्क्रूने बसवतात. होफरने १९४२ साली ह्याचं वर्णन केलं आणि १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी ती तोंडाच्या आतून करायची पद्धत दिली, म्हणजे चेहऱ्यावर व्रणच नाही. मोठा फायदा असा की हाड पुढे नेता येतं तसं उंचीला कमी-जास्तही करता येतं आणि वाकडी असेल तर मधोमध आणता येतं. हनुवटीला मागून चिकटलेले गळ्याकडचे स्नायू हाडासोबत पुढे ओढले जातात, त्यामुळे गळ्याची रेषही सुधारते. तोटे पण आहेत, हाड कापायचं म्हणजे सूज जास्त, बधिरपणाची शक्यता इम्प्लांटपेक्षा जास्त, आणि बाजूला जिथे काप संपतो तिथे कधीकधी बोटाला पायरी लागते.

आणि तिसरा, जबडाच बराच मागे असेल तर दातांना तारा लावून अख्खा खालचा जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया. ही मोठी आहे, वेळखाऊ आहे, सगळ्यांना लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांना इम्प्लांट देऊन पाठवणं मला पटत नाही.

रात्री घोरतेस का? सकाळी उठल्यावर तोंड कोरडं, डोकं जड, दिवसा झोप येणं असं काही?

अबोली_फुलं

मीराताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. खरं सांगू का, घोरण्याचं आम्ही घरात कायम हसण्यावारी नेलं. सकाळी तोंड कोरडंठाक असतं आणि पाण्याची बाटली उशाशीच लागते. हे हनुवटीशी जोडलेलं असेल असं कधी मनातही आलं नाही, आणि आधीच्या कन्सल्टेशनमध्ये दातांकडे कुणी बघितलंच नाही, फक्त बाजूचा फोटो काढला. लहानपणी तारा लावायला सांगितल्या होत्या, पण तेव्हा राहून गेलं.

मीरा_दंतवैद्य

मग दोन गोष्टी आधी करून घे. एक, लॅटरल सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला ठरावीक मापाचा एक्स-रे, ह्यात वरचा जबडा, खालचा जबडा आणि हनुवटी कवटीच्या मानाने कुठे आहेत ते मोजता येतं. फोटोवर मारलेली रेष नुसती कातडीची बाजू सांगते. आणि दोन, घोरणं असेल तर झोपेची तपासणी. जबडा मागे असलेल्या लोकांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त दिसतो, आणि तो असेल तर उपचाराचा क्रमच बदलतो. हे दोन्ही नॉर्मल आलं तर इम्प्लांटचा विचार खुशाल कर, मी इम्प्लांटच्या विरोधात अजिबात नाही.

ऋता_जोगळेकरीण

मी जीनिओप्लास्टी केलीय म्हणून लिहिते. मला सुरुवातीला इम्प्लांटच सुचवलं होतं, पण माझी हनुवटी मागे तर होतीच आणि उंचीलाही फार कमी होती, म्हणजे ओठांखाली जागाच नाही. इम्प्लांटने ती पुढे आली असती पण खाली आली नसती.

तोंडातून झालं सगळं, खालच्या ओठाच्या आत हिरडीखाली टाके. ते टाके असताना ब्रश करणं म्हणजे कसरत. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, खालचे पुढचे दात समोरून न घासता वरच्या वर हलकेच, आणि प्रत्येक खाण्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या माउथवॉशने चूळ. जोरात गुळण्या नाही, पाणी तोंडात फिरवून आपोआप गळू द्यायचं. ओठ खाली ओढून टाके बघायचा मोह होतो, तो टाळा, मला माझ्या सर्जननी सक्त ताकीद दिली होती की त्या टाक्यांतच स्नायू परत हाडाला बांधलेला असतो आणि तो सुटला तर हनुवटीचं मांस खाली ओघळतं.

खालचा ओठ बराच काळ बधिर होता. डावीकडे लवकर परत आला, उजवीकडे सावकाश. गरम काही पिताना आधी वरच्या ओठाला लावून बघायची सवय झाली. आता ठीक आहे. आतली पट्टी तशीच आहे, काढावी लागत नाही.

कट्टा_वाचक

बधिरपणाचं कुणी नीट समजावून सांगेल का? म्हणजे ओठ लुळा पडतो का नुसतं कळत नाही?

मीरा_दंतवैद्य

चांगला प्रश्न, लोक हे दोन्ही एकच समजतात. मेंटल नर्व्ह नावाची नस खालच्या जबड्यातल्या एका भोकातून बाहेर येते, साधारण उपदाढांच्या मुळांखाली, दोन्ही बाजूंना एकेक. ती फक्त संवेदनेची नस आहे, ओठाचा, हनुवटीचा आणि पुढच्या हिरडीचा स्पर्श तिच्याकडे. तिला ताण बसला की बधिरपणा किंवा मुंग्या येतात, हालचाल जात नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येतं, थोड्यांना थोडा भाग कायमचा राहतो आणि ही शक्यता कुणी शून्य सांगत असेल तर त्याला परत विचारा. ओठ खाली ओढायची ताकद वेगळ्या नसेकडून येते, ती जबड्याच्या कडेने जाते, तिला धक्का लागला तर हसू वाकडं दिसतं. पंखवाल्या इम्प्लांटचे पंख ह्या भोकाच्या खालून जायला हवेत, म्हणून ते निमुळते असतात. इम्प्लांट नंतर सरकून नसेवर टेकलं तर बधिरपणा किंवा दुखणं नव्याने सुरू होतं, आणि असं उशिरा सुरू झालेलं दुखणं अंगावर काढायचं नाही.

आईपण_जपताना

मला वेगळाच प्रश्न आहे, धागा भरकटत असेल तर सांगा. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात जॉलाइनचं वेड शिरलंय. दिवसभर जीभ टाळूला लावून बसतो, कडक च्युइंगगम चावतो, आणि परवा त्याच्या मोबाइलवर मी असं बघितलं की गालाच्या हाडावर ठोकून ठोकून ते वाढवायचं म्हणे. आता तो म्हणतो अठरा पूर्ण झालं की इम्प्लांट. मी रागावले नाही, पण काय बोलावं ते कळत नाहीये.

मीरा_दंतवैद्य

ताई, आधी ते ठोकणं बंद करायला लावा, आजच. त्याने हाड सुंदर होत नाही, आत रक्त साकळतं, दात आणि नसा दुखावतात, फ्रॅक्चरही होऊ शकतं. जीभ टाळूला लावण्याला म्यूइंग म्हणतात, त्याने जबड्याचा आकार बदलतो ह्याला भक्कम पुरावा नाही, अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सनेही तसं स्पष्ट सांगितलंय. च्युइंगगमने चावायचा स्नायू फुगतो, हाड नाही, आणि कानासमोरचा सांधा दुखायला लागतो ते वेगळं.

दुसरं म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमध्ये खालचा जबडा सगळ्यात शेवटी वाढायचा थांबतो. मुलींमध्ये साधारण सोळा-सतरापर्यंत, मुलांमध्ये अठरा ते एकवीसपर्यंत वाढ चालू राहू शकते. सतराव्या वर्षी आत दिसणारी हनुवटी विशीत वेगळी दिसू शकते. त्याला हे असंच सांगा, नाही म्हणू नका, थांब म्हणा आणि तोवर दातांचा चावा तपासून घ्या, कारण वाढ चालू आहे तोवर ऑर्थोडॉन्टिस्टला बरंच काही करता येतं.

निवांत_नदी

मी मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. आईपण_जपताना, तुमच्या मुलाबद्दल आणि एकूणच ह्या धाग्यासाठी लिहावंसं वाटलं.

चेहऱ्यातली एखादी गोष्ट बदलावीशी वाटणं ह्यात गैर काही नाही. पण दिवसातले तासन् तास त्याच विचारात जात असतील, आरसा सुटत नसेल किंवा मुद्दाम टाळला जात असेल, त्यापायी बाहेर जाणं, मित्र, अभ्यास सुटत असेल, आणि इतरांना ती खोट दिसतही नसेल, तर त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात आणि तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. त्यात ऑपरेशनने समाधान होत नाही, लक्ष एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातं. त्यामुळे मुलाला "वेड्यासारखं काय करतोस" न म्हणता एवढंच विचारा की ह्याचा विचार दिवसात किती वेळ चालतो. त्याचं उत्तर शांतपणे ऐका, आणि ते काळजीचं वाटलं तर माझ्यासारख्या कुणाकडे त्याला घेऊन जा.

अजून एक. सेल्फी हा चेहऱ्याचा खरा फोटो नाही. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं असं २०१८ साली गणिती मॉडेलने दाखवलं गेलंय. कॅमेऱ्याजवळचं मोठं, मागचं लहान. निर्णय घ्यायचाच असेल तर कुणालातरी लांबून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा.

आईपण_जपताना

खूप आधार वाटला तुम्हा दोघींच्या उत्तराने. आज रात्री बोलते त्याच्याशी.

कोपरा_न_कोपरा

जबड्याच्या कोपऱ्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण मी ते बसवून घेतलं आणि काढूनही टाकलंय.

कोपरा म्हणजे कानाखाली जिथे जबडा वळतो तो. तिथे चावायचा जाड स्नायू असतो, मॅसेटर, इम्प्लांट त्याच्याखाली तोंडाच्या आतून, शेवटच्या दाढेच्या बाजूने छेद घेऊन घालतात. हनुवटीपेक्षा हे काम बरंच अवघड आहे आणि हे मला आधी कुणी सांगितलं नाही, मला सांगितलं होतं की हनुवटीसारखंच आहे. तोंड दोन बोटं सुद्धा उघडेना, चमच्याने पातळ खाणं, आणि सूज इतकी की चेहरा चौकोनी. तेही चाललं असतं. पण सूज उतरली तेव्हा दिसलं की एका बाजूला दात आवळले की स्नायू वर गोळा होतो आणि खाली इम्प्लांटची कड कातडीखाली उमटते. नंतर दुसऱ्या सर्जननी सांगितलं की स्नायूला खालून धरून ठेवणारा पट्टा घालताना फाटला असावा. त्यातच दुसऱ्या बाजूला इन्फेक्शन झालं, आतल्या टाक्यातून घाण चव यायची, औषधाने दबायचं आणि परत यायचं. शेवटी दोन्ही काढले.

ज्या हॉस्पिटलमध्ये केलं त्यांचं नाव घेत नाही, पण काही दुखलं की "सूज आहे, थांबा" एवढंच उत्तर मिळायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, काढायची वेळ आली तर कोण काढणार आणि कसं काढणार हे बसवायच्या आधी विचारा. माझं सच्छिद्र होतं, मांस आत शिरलेलं, निघता निघत नव्हतं.

मीरा_दंतवैद्य

कोपरा, तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत, आणि जे भोगलंत त्याबद्दल खरंच वाईट वाटलं. लोक काढण्याबद्दल विचारत नाहीत.

ह्या निमित्ताने मटेरिअलचं सांगते. घट्ट सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याच्याभोवती पातळ कवच करतं, मांस आत शिरत नाही. त्यामुळे काढायला किंवा बदलायला सोपं, पण नीट बसवलं नाही किंवा स्क्रू दिला नाही तर सरकू शकतं. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये बारीक भोकं असतात, त्यात रक्तवाहिन्या आणि मांस वाढतं, म्हणून ते जागचं हलत नाही, पण काढायचं तर मांस सोडवत सोडवत, कधी तुकडे करून काढावं लागतं. तिसरं म्हणजे सीटी स्कॅनवरून खास त्या माणसाच्या हाडाच्या मापाचं बनवलेलं इम्प्लांट, पीक नावाच्या कडक प्लास्टिकचं किंवा टायटॅनियमचं वगैरे. दोन्ही बाजू मुळातच वेगळ्या असतील, आणि बहुतेकांच्या असतातच, तर त्याचा फायदा होतो. पण मापाचं असलं म्हणून इन्फेक्शन टळत नाही, आणि वस्तू जितकी मोठी तितकी काळजी जास्त.

अबोलीने विचारलं होतं बदलावं लागतं का. ठरलेली मुदत नसते, काही तक्रार नसेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. तोंडातून की खालून, तर तोंडातून घातलं तर व्रण नाही पण तोंडातल्या जंतूंशी संबंध येतो आणि इम्प्लांट वर बसायचा धोका थोडा जास्त, खालून घातलं तर कडेवर नीट बसवता येतं पण छोटा व्रण राहतो. माझी स्वतःची पसंती खालून. तंबाखू किंवा सिगरेट असेल तर आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद, ह्यात सूट नाही.

चांदणचुरा

आणि फिलरचं? मला सुईचंच काहीतरी करायचंय, ऑपरेशनची हिंमत नाही.

मीरा_दंतवैद्य

हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं फिलर हनुवटीसाठी चांगलं चालतं, अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली एका फिलरला हनुवटीसाठी आणि २०२२ साली एकाला जॉलाइनसाठी मान्यता दिली, दोन्ही एकवीस वर्षांवरच्यांसाठी. थोडीच उणीव असेल, किंवा पुढे आलेली हनुवटी आपल्याला आवडते का हे बघायचं असेल, तर चांगला पर्याय, कारण एंझाइमचं इंजेक्शन देऊन ते विरघळवता येतं. साधारण वर्षभराने विरतं, मग परत. पण उणीव मोठी असेल तर फिलर ओतत राहून हनुवटी पुढे येण्यापेक्षा गोल आणि जड दिसायला लागते.

सुई म्हणजे धोका नाही असं मात्र समजू नकोस. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. टोचल्यावर कातडी पांढरी पडणं किंवा जाळीसारखे निळसर डाग येणं, आणि न थांबणारं दुखणं, ही इमर्जन्सी आहे, त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचं. म्हणून जिथे ते विरघळवणारं इंजेक्शन हाताशी आहे आणि देणारा डॉक्टर आहे तिथेच करून घे, ब्युटी पार्लरमध्ये नाही.

अबोली_फुलं

अपडेट द्यायला आले. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाऊन आले, सेफॅलोग्राम झाला. त्यांनी काळ्या फिल्मवर पेन्सिलने रेषा मारून दाखवलं, वरचा जबडा जिथे हवा तिथे आहे, खालचा अख्खा मागे आहे, हनुवटीचं टोक त्या जबड्याच्या मानाने फार वाईट नाहीये. वरचे दात खालच्यांच्या कितीतरी पुढे. म्हणजे इम्प्लांट केलं असतं तर फोटो सुधारला असता आणि बाकी सगळं तसंच. झोपेची तपासणी पण झाली, श्वास अडकतोय, मध्यम प्रमाणात.

आता ते आणि एक मॅक्झिलोफेशियल सर्जन मिळून प्लॅन करताहेत, आधी तारा, मग जबडा पुढे आणायची शस्त्रक्रिया, हनुवटीचं काही लागलंच तर त्याच वेळी जीनिओप्लास्टी. मोठं काम आहे आणि मला भीती वाटतेय, पण निदान मला नेमकं काय होतंय ते कळलं, आणि रडू आलं ते सुटल्यासारखं वाटून. मीराताई, तुम्ही तो घोरण्याचा प्रश्न विचारला नसता तर मी पुढच्या महिन्यात टेबलावर असते.

शांतनू_क

हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या वेळीही एक्स-रे काढला होता, तेव्हा मला ती नुसती फॉर्मॅलिटी वाटली होती. सर्जरीनंतरचं काहीही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, बधिरपणाच्या काळात बोलायला कुणी असलं की बरं असतं.

भूलतज्ज्ञ_१

अबोली, तुझ्यासाठी आणि इम्प्लांट असलेल्या सगळ्यांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण सर्जन मंडळी हे सांगायला विसरतात.

हनुवटी मागे असलेल्या माणसाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं, कारण जिभेला पुढे सरकायला जागा कमी असते. आम्ही चेहरा बाजूने बघतो त्याचं एक कारण हेच. इम्प्लांट बसवलं की बाहेरून हनुवटी छान दिसते पण आतली जागा तेवढीच असते, म्हणजे आम्हाला मिळणारी खूण झाकली जाते. तेव्हा पुढे कधीही, अगदी दुसऱ्याच कसल्या ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली, तर चिन इम्प्लांट आहे हे भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा. झोपेत श्वास अडकतो हेही सांगा. आधी कळलं की आम्ही कॅमेरावालं साधन आणि बाकी तयारी हाताशी ठेवतो. शांतनू, तुम्हीही.

शांतनू_क

हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या फायलीत वरच लिहून ठेवतो. एमआरआयला चालतं ना?

भूलतज्ज्ञ_१

सिलिकॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही आणि टायटॅनियमचे स्क्रू असतील तरी सहसा अडचण येत नाही, पण स्कॅनच्या आधी तिथल्या माणसाला सांगा म्हणजे झालं. दातांच्या डॉक्टरांनाही सांगा, एक्स-रेमध्ये सावली दिसली की त्यांचा गोंधळ उडायला नको.